चिकित्सेचे चार पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येक पादाचे चार, असे सोळा गुण एकत्र आले म्हणजे चिकित्सा सफल होते, असा तेथील सिद्धान्त आहे. परिचारकाला शुश्रूषेचें ज्ञान असावें, तो दक्ष असावा, रोग्यावर त्याचें प्रेम असावें आणि तो शुचिर्भूत असावा, असें ग्रंथकार म्हणतो. मात्र त्याच अध्यायांत वैद्याला चौघांत मुख्य स्थान दिलेलें आहे. माती, चाक, काठी आणि दोरा हीं सर्व असूनहि कुंभारावांचून घट होत नाहीं, असा दृष्टान्त त्यासाठीं योजिला आहे. म्हणजे एकाच अध्यायांत दोन विचार शेजारीं शेजारीं नांदत आहेत. चारांपैकीं एकहि पाद लंगडा असून चालावयाचें नाहीं, हा पहिला. आणि चौघांत वैद्य श्रेष्ठ, हा दुसरा.

आपल्याकडील वैद्यकाच्या पुढील इतिहासांत दुसरा विचार सर्वांच्या स्मरणांत राहिला. पहिला हळूहळू मागें पडला. हा विसर कसा पडला, आणि त्याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या मनावर कसा झाला, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. डॉक्टरीचा विद्यार्थी, परिचर्या शिकणारी विद्यार्थिनी, औषधनिर्माणाचा किंवा प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम घेणारीं मुलें, आयुर्वेद महाविद्यालयांतील भावी वैद्य, हीं सर्व उद्यां एकाच रोग्याच्या खाटेभोंवतीं उभीं राहणार आहेत. त्यांना एकमेकांविषयीं काय वाटतें, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो रोग्याच्या जीविताचा प्रश्न आहे.

हें स्पष्ट होण्यासाठीं वाचकांनीं क्षणभर पुणें जिल्ह्यांतील पणदरें या गांवाकडे चलावें. बारामती तालुक्यांत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या पट्ट्यांत हें गांव आहे. येथें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सपाट प्रदेशांत असें एक केंद्र सुमारें तीस हजार लोकसंख्येसाठीं, त्याच्या हाताखालीं दर पांच हजारांस एक उपकेंद्र, आणि दर हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती, अशी सरकारी योजनेची सर्वसाधारण मांडणी असते. अशा गांवांतील एखादी गर्भवती स्त्री कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. तिचे पाय सुजले आहेत, डोकें दुखतें आहे, हें सर्वांच्या आधीं आशा कार्यकर्तीच्या ध्यानांत येतें. कारण तीच तिच्या दारावरून जाते-येते. उपकेंद्रांतील परिचारिका रक्तदाब मोजते. केंद्रावरील प्रयोगशाळेंत लघवी तपासली जाते. वैद्यकीय अधिकारी औषध ठरवितो. जरूर पडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तिला बारामतीस नेते; आणि तेथें प्रसूतितज्ज्ञ, भूल देणारा डॉक्टर, रक्तपेढींतील तंत्रज्ञ व रात्रपाळीची परिचारिका यांच्या हातीं तिचें आणि तिच्या बाळाचें आयुष्य सोपविलें जातें. आठ-नऊ माणसांचे हात. आणि त्यांतील प्रत्येकाजवळ दुसऱ्याला ठाऊक नसलेली एखादी तरी गोष्ट! आशा कार्यकर्तीनें सांगितलेलें लक्षण जर वरच्यानें 'हिला काय कळतें?' म्हणून कानाआड केलें, किंवा परिचारिकेनें पाहिलेली गोष्ट डॉक्टर रागावतील या भीतीनें मनांतच ठेविली, तर सर्व विद्या, सर्व यंत्रें व सर्व औषधें जागच्या जागीं असूनहि ती बाई दगावूं शकते. ज्ञान होतें, पण तें एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें नाहीं.

ही व्याधि केवळ आपल्याच देशांतील आहे असें नव्हे. १९६७ सालीं लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानें डॉक्टर व परिचारिका यांच्यांत चालणाऱ्या एका 'खेळा'चें वर्णन केलें. रोग्यास काय हवें हें परिचारिकेस कळलेलें असतें. परंतु तें उघड सांगण्याची तिला मुभा नसते. म्हणून ती अशा बेतानें बोलते कीं, ती कल्पना डॉक्टरला स्वतःचीच वाटावी. आणि डॉक्टरहि सल्ला विचारल्याचें न दाखवितां सल्ला घेतो. आपल्या एकत्र कुटुंबांत वावरलेल्या स्त्रियांना हा खेळ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. सासूच्या राज्यांत जाणत्या सुनेनें पिढ्यान्पिढ्या हीच युक्ति चालविली. अशानें घर चालतें, हें खरें. परंतु आडून केलेली सूचना ज्या दिवशीं पोंचत नाहीं, त्या दिवशीं कांहीं तरी नासतें. घरांत नासलें तर दूध नासतें. रुग्णालयांत माणूस जातो.

विद्यार्थ्यांच्या मनाचें मोजमाप करण्याचे प्रयत्नहि झाले आहेत. इंग्लंडांत पार्सेल व ब्लाय यांनीं १९९९ सालीं एकोणीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इतर आरोग्यव्यवसायांच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकण्यास विद्यार्थ्याची मनाची तयारी कितपत आहे, हें तिच्यावरून पाहतात. आणि पुढें अनेक देशांत तिचा उपयोग झाला. होजात व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं अमेरिका, इस्राएल, इटली व मेक्सिको या चार देशांतील डॉक्टर व परिचारिका यांची तुलना प्रसिद्ध केली. चारहि देशांत परस्पर सहकार्याविषयीं परिचारिकांची वृत्ति डॉक्टरांपेक्षां अधिक अनुकूल आढळली. यांत आश्चर्य वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याचें बोलणें ऐकलें जात नाहीं, त्याला संवादाची गरज प्रथम कळते. ज्याचा शब्द चालतो, त्याला ती सहसा जाणवत नाहीं. पण न जाणवल्याची किंमत किती असते, हें इंग्लंडला ब्रिस्टल येथील चौकशीनें दाखविलें. तेथील रुग्णालयांत लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियांत जे मृत्यू झाले, त्यांचा चौकशी-अहवाल २००१ सालीं बाहेर आला. शल्यवैद्यांच्या कौशल्याबरोबरच माणसांनीं संघ म्हणून काम न करणें हेंहि त्या अनर्थाचें एक कारण म्हणून त्यांत नमूद झालें, आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनीं कांहीं शिक्षण एकत्र घ्यावें अशी शिफारस केली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं हाच विचार सर्व राष्ट्रांपुढें मांडला. दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनीं एकमेकांविषयीं, एकमेकांपासून आणि एकमेकांबरोबर शिकावें, हें त्याचें सार होय.

प्रश्नावलीवरून आज मन कसें आहे हें कळतें. तें तसें कां झालें हें कळत नाहीं. त्यासाठीं आपल्याच इलाख्याचा इतिहास चाळला पाहिजे.

मुंबईंत पाश्चात्य वैद्यकाच्या शिक्षणाचा पहिला प्रयत्न १८२६ सालीं झाला. त्या वर्षीं निघालेल्या 'नेटिव्ह मेडिकल स्कूल'मध्यें डॉ. जॉन मॅक्लेनन हे देशी भाषांच्या द्वारें शिक्षण देत. सरकारी नोकरींतील युरोपियन डॉक्टरांना मदतनीस हवे होते, हा त्या शाळेचा हेतु होता. ती १८३२ सालीं बंद पडली. पुढें १८४५ सालीं गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नांवें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघालें, शेजारीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यानें रुग्णालय उभें राहिलें, आणि डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्यासारखा कर्तबगार गुरु विद्यार्थ्यांस लाभला. १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनावर या महाविद्यालयाचे थोर उपकार आहेत, यांत संशय नाहीं. परंतु इंग्रजींतून शिकून निघणारे पदवीधर मूठभर, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखाने पुष्कळ! म्हणून १८६१ च्या सुमारास त्याच महाविद्यालयांत मराठी व गुजराथी वर्ग जोडण्यांत आले, आणि १८७८ सालीं पुण्यास बैरामजी जिजीभाई यांच्या नांवानें वैद्यकीय शाळा निघाली. या वर्गांतून व शाळांतून 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार होऊं लागले.

येथें एक गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासकारांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं. एकाच विद्येंत दोन वर्ण उत्पन्न झाले. एकानें इंग्रजींतून शिकावें, पदवी घ्यावी आणि शहरांत नांव मिळवावें. दुसऱ्यानें थोडक्या वर्षांत शिकावें, कमी पगारावर तालुक्याच्या दवाखान्यांत जावें आणि आयुष्यभर वरच्याचा हुकूम मानावा. रोग तोच, रोगीहि तोच. पण वैद्याची किंमत त्याच्या भाषेवरून व पदवीवरून ठरूं लागली. खेड्यापाड्यांनीं जो सरकारी डॉक्टर पाहिला तो बहुधा दुसऱ्या वर्णाचा होता. १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्या वेळीं सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत नोंदलेल्या ४७,५२४ डॉक्टरांपैकीं २९,८७०, म्हणजे शेंकडा त्रेसष्ट, हे पदवीधर नसून 'लायसेन्शिएट' होते. हा खालचा अभ्यासक्रम बंद करून यापुढें एकाच प्रतीचा डॉक्टर तयार करावा असें समितीच्या बहुमतानें सुचविलें; कांहीं सभासदांनीं त्यास विरोध नोंदविला. खालची पायरी अशा रीतीनें नाहींशी झाली. परंतु पायऱ्या मोजण्याची संवय तेवढ्यानें गेली नाहीं. शंभर वर्षें विद्यार्थी जें पाहत आला तें हें कीं, वैद्यकांत कोण कोणाच्या वर बसतो हें आधीं समजून घ्यावयाचें असतें.

डॉक्टराडॉक्टरांतच ही स्थिति, तर मग परिचारिकेची काय कथा? भोर समितीचेच आंकडे पाहावे. सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर, आणि ४३,००० लोकांमागें एक परिचारिका! त्याच वेळीं इंग्लंडांत हजार लोकांमागें एक डॉक्टर होता, तर तीनशें लोकांमागें एक परिचारिका. तेथें एका डॉक्टरामागें तीनांहून अधिक परिचारिका. आपल्याकडे जवळजवळ सात डॉक्टरांमागें एक. दारिद्र्य हें याचें पूर्ण कारण होऊं शकत नाहीं; कारण परिचारिका तयार करण्यास डॉक्टर तयार करण्याहून कमीच खर्च येतो. खरें कारण आपल्या समाजांत होतें. शुश्रूषा म्हणजे मलमूत्राचा, रक्ताचा आणि परक्या पुरुषाच्या देहाचा स्पर्श. पहिल्या दोहोंस जातिधर्म आड येई, तिसऱ्यास स्त्रीधर्म. सुईण बहुधा हलक्या मानलेल्या जातींतली; तिचे हात अडल्या वेळीं हवे असत, पण बाळंतघराबाहेर तिची सावली नकोशी होई. १९०३ सालीं सुइणींना शिक्षण देण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक निधि उभारला गेला; परंतु तिला शिकवावें असें ज्यांना वाटलें, त्यांपैकीं तिच्यापासूनहि कांहीं शिकतां येईल असें किती जणांस वाटलें असेल?

या स्थितींत मिशनरी रुग्णालयांनीं परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली, आणि सुरुवातीस या धंद्यांत शिरलेल्या मुली पुष्कळशा ख्रिस्ती कुटुंबांतील होत्या. हिंदु घरांतील स्त्रियांसाठीं ती वाट रुंद करण्याचें मोठें श्रेय पुण्याच्या सेवासदनाला आहे. १९०९ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या द्वारें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेण्यास पाठविलें. त्या काळच्या पुण्यांत हें साधें धाडस नव्हतें. ज्या स्त्रीचें मुखावलोकन अशुभ मानावयाचें, तिच्याच हातून रोग्यानें औषध घ्यावयाचें, हा सामाजिक क्रांतीचाच एक प्रकार होता.

पुढें कायद्यानें प्रत्येक व्यवसायास आपापलें कुंपण घातलें. डॉक्टरांच्या नोंदणीचा मुंबई इलाख्याचा कायदा १९१२ चा. परिचारिका, सुइणी व आरोग्य-निरीक्षिका यांचा १९३५ चा. वैद्य-हकिमांचा १९३८ चा. आणि औषधविक्रेत्यांसंबंधींचा अखिल भारतीय कायदा १९४८ चा. भोंदूंना आळा घालण्यासाठीं हीं कुंपणें हवींच होतीं. परंतु कुंपणाच्या आंत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारच्या मळ्यांत काय पिकतें हें दिसेनासें झालें. पुण्यांत १९३३ सालीं टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघालें. त्याच शहरांत बैरामजी जिजीभाई शाळा १९४६ सालीं महाविद्यालय झाली. एकाच पेठेंत राहणारे या दोन संस्थांचे विद्यार्थी एकमेकांच्या विद्येची परीक्षा न करतांच निकाल देऊन मोकळे होत. एकानें दुसऱ्यास अशास्त्रीय म्हणावें, दुसऱ्यानें पहिल्यास परक्या विद्येचा दास म्हणावें! रोगी मात्र सकाळीं एकाकडे व संध्याकाळीं दुसऱ्याकडे जाई, आणि एकानें काय दिलें तें दुसऱ्यास भीतीनें सांगत नसे.

एवढाच इतिहास असता तर निराश व्हावें लागलें असतें. सुदैवानें महाराष्ट्राच्या इतिहासास दुसरीहि बाजू आहे, आणि ती आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

१८९७ सालीं पुण्यास प्लेगनें घेरलें, तेव्हां घरोघर शिरून रोगी शोधणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या जुलुमाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वेळीं शहराबाहेर हडपसरनजीक ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं दवाखाना उघडला होता. मुलगा औषधोपचार करी. आई रोगी शोधून आणी व त्यांची शुश्रूषा करी. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांना रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. चिकित्सेचे चार पाद जुळले म्हणजे काय होतें, याचें याहून स्वच्छ उदाहरण क्वचित् सांपडेल. त्या दवाखान्यांत औषध देणारा आणि रोग्यास उचलून आणणारी यांत उच्चनीच कोण, हा प्रश्न कोणाच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं.

अलीकडच्या काळांतील उदाहरण जामखेडचें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील त्या दुष्काळी भागांत गेलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिलें. तें साधलें नाहीं. मग गांवांतल्याच, बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित व गरीब स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या असून एकत्र राहत व जेवत, आणि आठवड्यांत गांवांत जें पाहिलें तें डॉक्टरांस सांगत. शिकवणें दोन्ही बाजूंनीं चाले. बाळंतपण, अतिसार व कुपोषण यांसंबंधीं डॉक्टरांनीं सांगावें. गांव कां ऐकत नाहीं, कोणत्या घरीं कोणती अडचण आहे, हें सेविकांनीं सांगावें. या दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि देशोदेशींचे लोक तेथें शिकण्यास येऊं लागले.

गडचिरोलीचा प्रयोग याच्याहि पुढें गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९३ ते १९९८ या काळांत ३९ गांवांतील थोडें शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाचें वजन करणें, त्याचा श्वास पाहणें, जंतुसंसर्ग ओळखणें आणि प्रसंगीं प्रतिजैविकाचें इंजेक्शन देणें इतकें शिकविलें. तुलनेसाठीं ४७ गांवें घेतलीं होतीं. त्यांच्याशीं ताडून पाहतां प्रयोगाच्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यू शेंकडा ६२ नीं घटले, आणि हा निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गांवच्या बाईच्या हातीं सुई देणें धोक्याचें आहे, अशी शंका तज्ज्ञांनीं घेतली असेल तर तींत नवल नाहीं. परंतु तिचें उत्तर वादानें मिळालें नाहीं. शिक्षण, नोंद व देखरेख यांनीं मिळालें. २०११ सालीं घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचें हें काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यांत आलें.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोणीहि कोणास सहकार्यावर व्याख्यान दिलेलें नाहीं. काम एक होतें, रोगी एक होता, आणि दुसऱ्याच्या ज्ञानावांचून आपलें अडतें हें रोज अनुभवास येत होतें. आदर त्या अनुभवांतून आला. सेवाग्राम येथें १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांस आरंभीं आश्रमांत ठेवतात आणि प्रत्येक तुकडीस एक गांव नेमून देतात. यामागेंहि हेंच तत्त्व आहे. वृत्ति शब्दांनीं बदलत नाहीं; सहवासानें व जबाबदारीनें बदलते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर्वांनींच बोलावयाचें तर निर्णय कोणी घ्यावयाचा? बारभाईची खेती झाली म्हणजे पीक कोणाच्याच घरीं येत नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु इतिहासाचा अभ्यासक या म्हणीपाशीं थोडा थबकेल. १७७४ सालीं नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति बारभाई एकत्र आले, तेव्हां त्यांनींच एका तान्ह्या बालकाची गादी सांभाळली आणि रघुनाथराव व इंग्रज यांच्यापासून राज्य वांचविलें. पुढें बिघाड झाला तो माणसें बारा होतीं म्हणून नव्हे. त्यांचा एकमेकांवरील विश्वास उडाला म्हणून. शस्त्रक्रियेच्या खोलींत अखेरचा शब्द शल्यवैद्याचाच असावा, हें चरकाच्या कुंभारानेंहि मान्य केलें असतें. प्रश्न इतकाच आहे कीं, तो शब्द उच्चारण्यापूर्वीं इतरांचे शब्द त्याच्या कानांपर्यंत पोंचले कीं नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेपूर्वीं वाचावयाची एक साधी यादी तयार केली. तींत एक कलम असें आहे कीं, खोलींतील प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें. नवी दिल्ली धरून जगांतील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हां शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेंकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. नुसतें नांव सांगितल्यानें प्राण वांचतात असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्यानें एकदां आपलें नांव सर्वांपुढें उच्चारलें, त्याला पुढें 'थांबा, कांहीं चुकतें आहे' असें म्हणण्यास कमी धीर लागतो.

आतां वर्तमानाकडे वळूं. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत भावी डॉक्टरच्या पांच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांत आरोग्यसेवेच्या संघाचा 'नेता व सभासद' ही एक आहे. नेता आणि सभासद हे दोन्ही शब्द शेजारीं ठेवले, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. चरकाचे दोन विचार येथें पुन्हां एकत्र आले आहेत. त्याच २०१९ सालीं बारामतीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्यानंतर विद्यार्थ्यांनीं खेड्यांतील कांहीं कुटुंबें दत्तक घेऊन त्यांच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावें, अशी योजना देशभर आली. २०२१ सालीं भौतिकोपचार, प्रयोगशाळा इत्यादि पन्नासांहून अधिक संलग्न व्यवसायांसाठीं राष्ट्रीय कायदाहि झाला. चौकट तयार आहे. आंत चित्र भरावयाचें आहे.

तें भरण्याचा मार्ग लांब शोधावा लागणार नाहीं. पणदऱ्यासारख्या गांवीं दत्तक कुटुंबाकडे जातांना डॉक्टरीच्या विद्यार्थ्याबरोबर परिचर्येची विद्यार्थिनी, औषधनिर्माणाचा विद्यार्थी आणि शक्य तेथें आयुर्वेदाचा विद्यार्थीहि असावा. त्या घराच्या उंबरठ्यावर त्यांची पहिली गुरु आशा कार्यकर्ती असावी. कारण त्या घरांत कोण काय खातो, कोण काय लपवितो, हें तिच्याइतकें कोणासहि ठाऊक नसतें. वर्षअखेर त्या कुटुंबाचें जें बरें-वाईट झालें असेल, त्याचा जाब सर्वांस एकत्र विचारावा आणि गुणहि एकत्र द्यावे. अनुभवी परिचारिकेनें विद्यार्थ्याच्या वागणुकीविषयीं दिलेला अभिप्राय त्याच्या परीक्षेंत धरला जावा. एका दालनांत दोन वर्ग बसवून एकच व्याख्यान ऐकविल्यानें मात्र कांहीं साधणार नाहीं. रेल्वेच्या डब्यांत शेजारीं बसलेले प्रवासी एकत्र प्रवास करतात. पण ते एकमेकांचें कांहीं लागत नाहींत.

हें झालें विद्यालयांचें कर्तव्य. परंतु विद्यार्थ्याची वृत्ति विद्यालयांत जन्मत नाहीं. ती तो घरून घेऊन येतो. मुलास वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळाली म्हणजे आपल्या घरीं पेढे वांटले जातात. मुलीनें परिचर्येचा अभ्यासक्रम निवडला तर 'दुसरें कांहीं मिळालें नाहीं का?' असें विचारलें जातें. २०२० सालच्या मार्च महिन्यांत आपण गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजविल्या. आणि त्याच दिवसांत रुग्णालयांत काम करणाऱ्यांना भाड्याची खोली सोडण्यास सांगितल्याच्या बातम्याहि आपण वाचल्या. ज्या घरांत परिचारिकेचा उल्लेख एकेरी आणि डॉक्टरांचा 'साहेब' म्हणून होतो, त्या घरांतून आलेला अठरा वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशीं सहकार्याची भावना कोठून आणील? विद्यालयाला त्याच्या मनांत कांहीं पेरण्यापूर्वीं आपण पेरलेलें उपटावें लागतें.

या मासिकाच्या वाचकांत ज्यांचीं मुलें या निरनिराळ्या वाटांनीं चाललीं आहेत असे पुष्कळ असतील. तीं सुटीस घरीं आलीं म्हणजे परीक्षेंत गुण किती पडले हें आपण विचारतोंच. त्याबरोबर, वॉर्डांतील परिचारिकेपासून, प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञापासून, गांवच्या आशा कार्यकर्तीपासून या सत्रांत तूं काय शिकलास, हेंहि विचारीत जावें. मुलाजवळ उत्तर नसेल, तर तें शोधावयास पाहिजे असें तरी त्यास कळेल. आणि उद्यां कालव्याकांठच्या एखाद्या घरांतून निघालेली रुग्णवाहिका त्याच्या दाराशीं येऊन थांबेल, तेव्हां बरोबर आलेली बाई काय सांगते हें तो आधीं ऐकून घेईल.